थांब म्हणजे ब्रेक

माझ्या आत्याच्या एका बुटाचा तळ दुसऱ्याच्या कितीतरी आधी झिजतो. चांभाराने एकदा तो बूट उलटासुलटा करून विचारलं, "बाई, तुम्ही लंगडी घालत कामाला जाता का?"

"नाही हो," आत्या म्हणाली, "मी दिवसभर लोकांचे जीव वाचवते. एकाच पायाने."

थाप नाही ही. आत्या गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा घाबरला, गोंधळला किंवा समोरून चाललेल्या सुंदर बाईकडे बघत राहिला, की शेजारून तो ब्रेक दाबायचा. आत्याने अर्धं आयुष्य तो दाबला. खरं तर ती गाडी शिकवणाऱ्या शाळेत फोन उचलायला लागली होती. एके दिवशी शिकवणाऱ्या मास्तरांची पाठ धरली, बाहेर मास्तरांचा विद्यार्थी, एक गलेलठ्ठ शिंपी, पुढचा धडा घ्यायला येऊन उभा, आणि मालकांनी हिला विचारलं, "तुला येते ना चालवता? मग जा, बस शेजारी." ती जी शेजारी बसली ती बसलीच. फोन अजून वाजतोय म्हणतात.

तिची शिकवण्याची एक पद्धत आहे. तीन पायपट्ट्या, तीन शब्द. 'दाब' म्हणजे क्लच. 'दे' म्हणजे ॲक्सिलरेटर. 'थांब' म्हणजे ब्रेक. "ब्रेक दाब, असं म्हणेपर्यंत समोरचा माणूस वर जाऊन पोचतो," ती म्हणते. "म्हणून एका पट्टीला एक शब्द. आणि तो शब्द दुसऱ्या कशाला वापरायचा नाही. मेलात तरी नाही."

आमच्या गावातले निम्मे लोक तिच्या हाताखालून गेलेत. म्हणजे पायाखालून. याचा फायदा मला असा, की आत्याचा 'थांब' मला हुबेहूब काढता येतो. तो गळ्यातून येत नाही, पोटातून येतो. 'थां' अजिबात लांबवायचा नाही आणि 'ब' ओठ मिटल्यावर आतल्या आत फोडायचा. एकदा चौकात मी तो नुसता चाचपून बघितला, तर पावाची व्हॅन कचकन थांबली, तिच्यामागे स्कूटरवरच्या शाळेच्या मुख्याध्यापिका थांबल्या आणि दोघं माना वळवून आत्या कुठे दिसते ते बघू लागले. घरी बातमी माझ्या आधी पोचली होती.

"पोपटे," आत्या म्हणाली (मी पोपटी, तिच्या लेखी), "माझा आवाज काढायचा तर घरात काढ. रस्त्यावर तो चालू असतो."

आणि एक. आत्याला कुणाच्या शेजारी स्वस्थ बसता येत नाही. बसमध्ये बसली तरी वळण आलं की तिचा तो पाय जमिनीत रुततो. सिनेमात गाडी गाडीच्या मागे लागली की ही पुढच्या खुर्चीच्या पायावर दणादण ब्रेक मारते. पुढचा माणूस मागे वळून बघतो. आत्या त्याला म्हणते, "सॉरी हं, वाचलो आपण."

आता बाबांबद्दल. बाबा म्हणजे आत्याचा धाकटा भाऊ. चष्म्याच्या दुकानात भिंगं घासतात, डोक्यावर टक्कल आहे, आणि आत्या त्यांना अजून 'छोट्या' म्हणते. पहिल्या धड्यापासून तिने शिकवलेले असे ते तिचे अगदी पहिले विद्यार्थी. पहिल्याच आठवड्यात गाडी कोपऱ्यावरच्या लाल पत्रपेटीकडे निघाली आणि आत्याने आपला ब्रेक दाबला. गाडी पेटीपासून वीतभर अलीकडे थांबली. बाबा खाली उतरले, दार लावलं, चालत घरी आले आणि पुन्हा कधी गाडीच्या चाकामागे बसले नाहीत. तेव्हापासून घरात चार माणसं जमली की हे नाटक ठरलेलं:

"मी दाबला नसता तर पत्र होऊन पेटीत पडला असतास."

"मी दाबणारच होतो."

"कधी? तिकीट लावल्यावर?"

"ताई, मी दाबणारच होतो. तू आधी दाबलास."

आई म्हणते, "झालं यांचं सुरू." आणि भांडी घासायला उठते.

गाडीच्या शाळेचे मालक थकले, शाळा दुसऱ्याच्या हाती गेली, तेव्हा निरोप म्हणून त्यांनी आत्याला आपली जुनी गाडी दिली. दोघांपुरती, उघड्या टपाची स्पोर्ट्स कार. ती शेडमध्ये ताडपत्रीखाली इतकी वर्षं होती की ताडपत्री काढली तेव्हा रंग लाल की विटकरी यावर वाद झाला. पुढचे दिवे डोळ्यांसारखे वर आलेले, म्हणून आम्ही तिला 'बेडकी' म्हणतो. आत्या पहिल्यांदा आत बसली, खाली वाकून पायपट्ट्या बघितल्या, आणि मग बराच वेळ हसत राहिली.

"काय गं?" बाबांनी विचारलं.

"ह्या गाडीत ब्रेक एकच आहे रे. आणि तो माझा आहे."

पण तो ब्रेक तिच्यासारखा भरवशाचा नव्हता. गाडी रस्त्यावर आणायची तर सरकारी तपासणीतून पास व्हावी लागते. तिथले तपासनीस नवीन बदलून आलेले, उंच, कोरडे. नाकात बोलतात आणि प्रत्येक वाक्याला शेपूट लावतात. त्यांनी बेडकीच्या मागच्या चाकाच्या आतल्या बाजूला बोट फिरवलं, बोट ओलं झालं, ते नाकाशी नेलं.

"मागचं चाक रडतंय, बाई. नियम आहे."

"रडायचा नियम आहे?"

"रडणारी गाडी नापास करायचा नियम आहे. एक संधी मिळेल. सोमवारी सकाळी. पुन्हा रडली तर नंबर रद्द, मग ही गाडी रस्त्यावर नाही. अंगणात ठेवा, कुंड्या ठेवा तिच्यात. नियम आहे."

कुंड्यांचं आत्याला लागलं होतं.

कुठल्याही गॅरेजवाल्याला सोमवारच्या आत वेळ नव्हता. "एवढी जुनी गाडी? आणून ठेवा, बघू पुढच्या महिन्यात." मग आत्या सुट्या भागांच्या दुकानातल्या काकांकडे गेली आणि मागच्या दोन्ही चाकांचे ब्रेकचे सिलिंडर घेऊन आली. सिलिंडर म्हणजे केवढा, तर मुठीत मावेल एवढा. पायाने ब्रेक दाबला की पाइपातून तेल त्यात येतं, आतले दोन दट्ट्ये बाहेर सरकतात, ते ब्रेकचे लायनर ड्रमवर दाबतात आणि चाक थांबतं. बेडकीच्या सिलिंडरांच्या आतलं रबर वाळून तडकलं होतं, म्हणून तेल बाहेर येत होतं.

"तू करणार?" बाबा म्हणाले. "ताई, तू शिकवतेस गाडी. दुरुस्त नाही करत."

"एवढी वर्षं ब्रेकवर पाय ठेवून बसले, आत काय असतं ते तरी बघू दे की."

रविवारी सकाळी शेडमध्ये जुनी चादर अंथरली गेली. पुढच्या चाकांना दोन्हीकडून लाकडी ठोकळे, मागून जॅक, मग खाली गाडी तोलून धरायला पोलादी घोडे. आत्याने गाडीला धक्के मारून मारून खात्री केली आणि मगच खाली हात घातला. "जॅकवर विश्वास ठेवायचा तो चाक बदलण्यापुरता," ती म्हणाली. चाक निघालं, पण ड्रम निघेना. हँडब्रेक सोडलेला, लायनर ढिले केलेले, तरी हलेना. आत्याने लाकडी हातोड्याने भोवताली ठोकलं. टण. टण. टण. मग एकदम 'टक' असा हलका, बसका आवाज आला आणि मी म्हणाले, "आत्या, सुटला!" तिने दोन्ही हातांनी ओढला. आला की हातात! आत सगळं काळं आणि चिकट. जुने लायनर तेल पिऊन फुगले होते, म्हणून तेही बदलायचे ठरले.

स्प्रिंगा काढताना ती प्रत्येक भाग जसा निघेल तसाच चादरीवर ठेवत गेली. वरची स्प्रिंग वर, खालची खाली. चादरीवर चाक उलगडून ठेवल्यासारखं दिसत होतं. आई चहा घेऊन आली आणि चादरीवरून पाय टाकणार तोच आत्या ओरडली, "थांब!" आईने उचललेला पाय तसाच ठेवला, हवेत. आईही तिचीच विद्यार्थिनी.

जुना सिलिंडर एका अर्धगोल पोलादी लॉकने मागून धरलेला असतो. तो काढणं सोपं, बसवणं म्हणजे छळ. आत्या एकीकडून बसवी, तो दुसरीकडून सुटे. एकदा सुटून पत्र्याला लागला, 'टिंग', तिथून बाटलीला, 'टुक', आणि मग काहीच नाही. आत्या, बाबा आणि मी, तिघं गुडघ्यांवर.

"शेवटचा आवाज कुठे आला?" आत्या.

"आलाच नाही," मी म्हणाले. "म्हणजे मऊ जागी पडलाय."

तो बाबांच्या चहात सापडला. बाबांनी अर्धा कप प्यायलेला होता. "तरीच म्हटलं आज चहात दम आहे," ते म्हणाले.

शेवटी आत्याने एक मोठं सॉकेट आणि सुताराचा शिकंजा घेतला, शिकंज्याने सॉकेट लॉकवर हळूहळू आवळलं. 'खट्'. लॉक खाचेत. तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू तिचा विद्यार्थी पहिल्यांदा चढावर गाडी मागे न सोडता निघालाय. दुसऱ्या चाकाला निम्माही वेळ लागला नाही. दुपारी जेवणं झाली तोवर दोन्ही चाकांत नवे सिलिंडर, नवे लायनर आणि साफ केलेले ड्रम. राहिली होती फक्त हवा.

पाइप उघडला की त्यात हवा शिरते, आणि हवा असेल तर पाय नुसता आत जातो, ब्रेक लागत नाही. ती काढायला दोन माणसं लागतात. एकाने गाडीत बसून ब्रेक दाबून धरायचा, दुसऱ्याने चाकापाशी सिलिंडरच्या पाठीवरचा बारीक स्क्रू सैल करायचा. हवा तेलासकट नळीतून बाटलीत येते, की स्क्रू आवळायचा, मग वरच्याने पाय उचलायचा. दुकानातल्या काकांनी मंत्र दिला होता. काका बोलतात ते डब्यात तोंड घातल्यासारखं: "सोप्पं आहे ताई. दाब म्हणायचं, सोड म्हणायचं. दाब, सोड. दाब, सोड. बास."

आई माझ्या धाकट्या भावाला आणायला गेली होती. माझ्याकडे इंजिनाजवळच्या डब्यातलं ब्रेकचं तेल कमी होऊ न देण्याचं काम. उरले बाबा.

"मी?" बाबा म्हणाले. "मी गाडीत बसत नाही."

"गाडी घोड्यांवर उभी आहे, छोट्या. इथून पत्रपेटीपर्यंत जायची नाही."

बाबा बसले. बेडकीत बसणं म्हणजे बसणं नव्हे, ओतणं. आधी एक पाय, मग कंबर, मग उरलेलं. गुडघे स्टिअरिंगला टेकले. पाय खाली अंधारात कुठेतरी गेले.

"दाब!" मागून आत्या.

"दाबलं!"

मागे स्क्रू उघडल्याचा आवाज. मग काही नाही.

"सोड! परत दाब!"

"दाबलं! अगदी खाली गेलं!"

नळीत दोन थेंब आले. ते तर आपोआपच ओघळले असते. डब्यातलं तेल जिथल्या तिथे. दाब, सोड, दाब, सोड. आत्याने स्क्रू पूर्ण काढून तार घालून बघितला. साफ. तिने दुसरं चाक धरलं. तिथेही तेच. नवा सिलिंडर खराब म्हणावा तर दोन्ही एकदम कसे खराब? पाइप तुंबला म्हणावा तर आपोआप थेंब कसे येतात? ती एकेक शक्यता मोठ्याने बोलून खोडत होती. वर्गात विद्यार्थ्याची चूक शोधताना असते तशी, राग नसलेली. मग तिचा आवाज थांबला. मी बोनेटवरून वाकून बघितलं. ती जमिनीवर बसली होती, नळी बाटलीतून बाहेर लोंबत होती, स्क्रू उघडाच.

"मुख्य सिलिंडर गेला," ती म्हणाली. "पायाशी असतो तो. पाय दाबला जातोय आणि तेल पुढे ढकललं जात नाही, म्हणजे दुसरं काय असणार? तो काही उद्यापर्यंत मिळत नाही."

"मिळेल गं," बाबा आतून म्हणाले.

"नाही मिळत रे." मग हळूच, "कुंड्या कुठल्या लावायच्या ते ठरवा."

आत्या हरलेली मी पाहिली नव्हती. मला ते बघवेना, आणि मला न बघवणारं काही झालं की माझ्या तोंडाला गप्प बसता येत नाही. मी बोनेटवर कोपर टेकलं आणि आत्याचा आवाज लावला, तरुण आत्याचा, पहिल्या आठवड्यातला:

"दे, छोट्या, दे, घाबरतोस काय, अरे समोर बघ, माझ्याकडे काय बघतोस, पेटी, छोट्या पेटी, थांब!"

बेडकीच्या आत धाडकन काहीतरी झालं. मागून आवाज आला: फुर्र, फुर्र, फस्सस्स. आणि आत्याची किंकाळी.

मी धावत मागे गेले. आत्याच्या चष्म्याच्या दोन्ही काचांवरून तेल निथळत होतं. जमिनीवर पडलेल्या नळीतून अजून शेवटचा बुडबुडा येत होता. तिने चष्मा काढला नाही. तेलातूनच ती बाबांच्या दिशेने बघत होती.

"छोट्या," ती फार हळू म्हणाली, "आत्ता काय केलंस?"

"ब्रेक दाबला. ती थांब म्हणाली ना."

"मग इतका वेळ काय दाबत होतास?"

"क्लच." बाबांना प्रश्नच कळेना. "तू 'दाब' म्हणत होतीस. दाब म्हणजे क्लच."

मग बाबा, अजून दुखावलेल्या सुरात, म्हणाले, "तूच शिकवलंस. एका पट्टीला एक शब्द. मेलात तरी दुसऱ्याला वापरायचा नाही. मला वाटलं, काहीतरी कारण असेल तुझं."

आत्या उठली, गाडीला वळसा घालून पुढे आली, आणि दाराच्या कडेवर दोन्ही हात ठेवून आपल्या टकल्या भावाकडे बघत राहिली. आता मार बसणार असं मला वाटलं.

"इतकी वर्षं लक्षात ठेवलंस?"

"लक्षात कुठे ठेवलं. राहिलं."

"अरे, म्हणजे तू शिकला होतास की रे!"

"तेच तर सांगतोय," बाबा म्हणाले, "की मी दाबणारच होतो."

आत्या इतकी हसली की तिला चष्मा पुसायला घेतलेलं फडकं तोंडात कोंबावं लागलं. हसता हसता ती माझ्याकडे वळली. "नियम माझा आणि मोडला मीच. त्या डब्यात बोलणाऱ्याच्या नादाने! पोपटे, तेल बघ. छोट्या, थांब!"

धाड. फुर्र.

"हं, उचल. थांब!"

सगळी दुपार शेडमधून 'थांब' येत राहिला. पोटातून, 'ब' आतल्या आत फोडून. कुंपणाबाहेरून जाणारी एक सायकल दोनदा थांबली. पावाची व्हॅन थांबली आणि चालकाने खिडकीतून ओरडून विचारलं, "बाई, माझं काय चुकलं?" नळीतले बुडबुडे मोठ्याचे बारीक झाले, बारकाचे मोहरीएवढे, आणि मग नुसती स्वच्छ, न तुटणारी धार. शेवटी बाबा आतून म्हणाले, "ताई, आता खाली जात नाही. दगडासारखा झालाय." हे वाक्य त्यांनी असं उच्चारलं की जणू स्वतः घडवलाय तो दगड.

सोमवारी आत्या एकटी बेडकी घेऊन तपासणीला गेली आणि बाबा आणि मी बसने. पोचलो तेव्हा तपासनीस मागच्या चाकाच्या आतून बोट फिरवत होते. बोट कोरडं आलं. त्यांनी दुसऱ्या बाजूला फिरवलं. कोरडं. मग गाडी ब्रेक मोजणाऱ्या यंत्राच्या फिरत्या रुळांवर चढली. दोन काटे वर गेले, अगदी बरोबरीने, शाळेतल्या जुळ्या मुलींसारखे. तपासनिसांनी काचेवर टिचकी मारून बघितली, काटे खोटं बोलत नाहीत ना म्हणून.

"कुणी केलं काम?"

"मी," आत्या म्हणाली. आणि लगेच बाबांकडे बोट दाखवून, सगळ्या रांगेला ऐकू जाईल अशी, "आणि ह्याने. माझा पहिला विद्यार्थी आहे हा."

'पहिला नापास' असं ती म्हणाली नाही. मी नीट ऐकलं. माझे कान अशा बाबतीत चुकत नाहीत. बाबांनी चष्मा काढला, पुसला, घातला, परत काढला.

"पास," तपासनीस नाकातून म्हणाले. मग कागदावर शिक्का मारता मारता, "छान आहे गाडी." आणि या वाक्याला शेपूट लावायला विसरले.

तपासणीच्या मागे शिकाऊंची परीक्षा घ्यायचं मोकळं मैदान आहे, पांढऱ्या रेघा मारलेलं. आत्याची हयात तिथे गेलीय, तिथला रखवालदार तिला बघून फाटक उघडतो. तिने बेडकी मधोमध उभी केली, उतरली, पलीकडे गेली आणि शेजारच्या सीटवर बसली.

"ये छोट्या. बस."

बाबा जागचे हलले नाहीत. "ताई, ह्या गाडीत तुझ्या बाजूला ब्रेक नाहीये."

"तुझ्या बाजूला आहे ना?"

बाबांनी स्वतःला आत ओतलं. तिसरी सीट नसल्याने मी फाटकाशी रखवालदाराजवळ. मला शब्द ऐकू येत होते, एकेक सुटा. "दाब." "दे." "दे की!" बेडकी दोनदा डरकली, एकदा बंद पडली, पुन्हा सुरू झाली आणि निघाली. पहिल्या वळणावर मी फाटकाचा गज घट्ट धरला, कारण मैदानाच्या टोकाला खांब आहेत आणि बेडकी सरळ तिकडे चालली होती. रखवालदार म्हणाला, "अरे अरे अरे." मी कान टवकारून 'थांब'ची वाट बघत होते.

तो आलाच नाही. गाडी हळू झाली, आणखी हळू, आणि पुढची चाकं पांढऱ्या रेघेच्या अलीकडे येऊन उभी राहिली, खांबापासून चांगली लांब. आत्या काही म्हणाली नव्हती.

मी धावत गेले. बाबा दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर बघत होते. कपाळावर घाम, आणि तोंडभर असं हसू की ते मला अजून काढता येत नाही, कितीही आरशापुढे उभी राहिले तरी.

"बघितलंस?" ते आत्याला म्हणाले. "दाबणारच होतो."

"बघितलं रे," आत्या म्हणाली.

मी तिच्या बाजूने आत डोकावले, तो पाय बघायला. तो जमिनीवर नव्हताच. दुसराही नव्हता. त्या एवढ्याशा सीटवर, बूट काढून खाली ठेवून, आत्या चक्क मांडी घालून बसली होती.